मेजर मँट आणि न पडलेला राजवाडा

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याबद्दल एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हा वाडा ज्याने आखला, त्या गोऱ्या इंजिनियराला म्हणे काम रंगात आलेले असतानाच अशी खात्री वाटू लागली, की आपली आकडेमोड चुकली आहे आणि आपण बांधतो आहोत ते सगळे वाडे एक दिवस कोसळणार आहेत. त्या धास्तीने त्याचे डोके फिरले आणि त्या भरात त्याने जिवाचे बरेवाईट करून घेतले. बडोद्याला गेलात, तर हीच गोष्ट लक्ष्मीविलास राजवाड्याबद्दल ऐकायला मिळते. ती ऐकली की बरोबरची मुले हमखास मान वर करून छताकडे पाहतात, आणि मोठी माणसे हसतात.

मी ही गोष्ट प्रथम ऐकली ती विश्रामबागेत. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या या वस्तीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याला पुढे वालचंद हे नाव मिळाले. तिथे १९६७ साली मी पहिल्या वर्षाला होतो. आमचे एक सर फळ्यावर कमानीचे गणित मांडता मांडता थांबले आणि त्यांनी मेजर मँटची कथा सांगितली. हेतू स्पष्ट होता: पोरांनो, उत्तर दोनदा तपासा! त्यानंतर वसतिगृहात कोणाचा पेपर बिघडला, की त्याचा ‘मँट झाला’ असे आम्ही म्हणू लागलो. त्या वयात एखाद्याच्या शोकांतिकेची थट्टा करायला काही वाटत नाही.

पुढे सारी नोकरी पूल, पाण्याच्या टाक्या आणि सरकारी इमारती उभ्या करण्यात गेली. दगड, चुना, सिमेंट आणि माती यांच्याशी जसजशी ओळख होत गेली, तसतशी ती कथा मला खटकू लागली. विश्रामबागेहून अंकलीचा पूल ओलांडून, जयसिंगपूर-हातकणंगल्यावरून तासा-दीड तासात कोल्हापूर येते. त्यामुळे पाव्हण्यारावळ्यांना घेऊन नवा राजवाडा किती वेळा पाहिला याची गणतीच नाही. दर वेळी मनात यायचे, की ज्याने हे उभे केले तो माणूस आपल्याला माहीत आहे तो फक्त त्याच्या मरणाच्या वावडीमुळे. त्याच्या आयुष्यात दुसरे काहीच नव्हते काय?

होते, आणि भरपूर होते.

चार्ल्स मँट यांचा जन्म १८३९ चा. ते रॉयल इंजिनियर्स या लष्करी दलातले अधिकारी. या दलातल्या माणसांनी हिंदुस्थानात प्रामुख्याने रस्ते काढले, कालवे खोदले, बराकी बांधल्या. टिकाऊ, सरळ आणि रुक्ष असे त्यांचे बांधकाम. मँट त्यांतच वाढले, पण त्यांचा जीव होता तो घडणीत. मुंबई इलाख्यात नोकरी करताना त्यांनी सुरतेचे हायस्कूल बांधले. मग कोल्हापूरच्या कामांशी त्यांचा संबंध आला, आणि त्यांच्या हातून या एका शहरात इतके काही घडले, की मँट यांची वाढ पाहायची असेल तर पुस्तक उघडावे लागत नाही. दसरा चौकापासून कसबा बावड्याच्या वाटेला चालत गेले की पुरते.

वाटेवर प्रथम लागतो तो टाऊन हॉल. हा १८७२ ते १८७६ या काळातला. टोकदार कमानी, निमुळते सुळके, उंच उतरती छपरे. दुरून पाहिले तर चर्च वाटावे. विलायतेत त्या वेळी गॉथिक घाटाची चलती होती आणि तरुण मँट यांनी तोच घाट जसाच्या तसा पंचगंगेकाठी आणून ठेवला. आज तिथे शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये जे उत्खनन झाले, त्यातली समुद्रदेवतेची छोटीशी रोमन ब्राँझमूर्ती तिथेच पाहायला मिळते. इंग्रजी वळणाच्या दगडी घरात करवीरनगरीच्या मातीतून निघालेला रोमन देव, असा तो त्रिवेणी योग आहे. शेजारीच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आपले सीपीआर. त्याचा आराखडाही मँट यांचाच. तिथे रांगेत ताटकळणाऱ्या माणसांना वरच्या कमानी पाहायची उसंत नसते, आणि ते साहजिकच आहे.

मधल्या काळात मँट यांच्याकडे एक वेगळेच काम आले. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे या नावाचे दुसरे, १८७० साली विलायतेला गेले होते. वय अवघे वीस. इंग्रजी शिकलेले, नव्या जगाची ओढ असलेले. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. बरोबरच्या मंडळींनी हिंदू रीतीने दहन करण्याचा आग्रह धरला. इटलीत ही गोष्ट कोणी पाहिलेली नव्हती. अखेर परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री चिता पेटली. आपल्याकडे मढे संगमावर नेतात, तसाच संगम तिथे परक्या मुलखात शोधून काढला, हे वाचताना आजही गलबलून येते.

त्या जागी १८७४ मध्ये स्मारक झाले. महाराजांचा अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडवला, आणि त्यावरच्या छत्रीची कल्पना मँट यांची. ही छत्री पाहिली (मी ती चित्रांतूनच पाहिली आहे) की टाऊन हॉलचे मँट ओळखू येत नाहीत. इथे चर्चचा सुळका नाही. आपल्याकडे राजाच्या समाधीवर असते तशी, खांबांवर तोललेली छत्री आहे. फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणजे हिंदी माणूस हेच नाव पाडले, आणि जवळ गेल्या शतकात झालेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव मिळाले. कोल्हापुरात गॉथिक आणि इटलीत मराठी छत्री! एका माणसाच्या हातून एकाच सुमाराला ही उलटापालट झाली. माझ्या मते मँट बदलले ते इथे. परक्या देशात एखाद्याची आठवण ठेवायची तर ती त्याच्याच घाटात ठेवावी लागते, हे त्यांना हे काम करताना उमगले असावे.

त्या वर्षांत लंडनमध्येही हाच वाद रंगला होता. हिंदुस्थानात इंग्रजांनी इमारती कोणत्या घाटाच्या बांधाव्यात? एक पक्ष म्हणे, रोमन लोक जिथे गेले तिथे त्यांनी रोमन घाटच नेला, तेव्हा आपणही आपलाच न्यावा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, की या देशात दगडकामाची हजारो वर्षांची परंपरा जिवंत आहे, हवामान वेगळे आहे, तेव्हा इथल्याकडून शिकावे. मँट दुसऱ्या पक्षाचे झाले, आणि वाद न घालता बांधून मोकळे झाले.

गंमत अशी, की या कल्पनेचा एक पूर्वज खुद्द इंग्लंडच्या खेड्यात उभा होता. ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट नावाचे एक दगडी घर आहे. कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात पैसा मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यांनी १८०५ च्या सुमारास ते आपल्या वास्तुविशारद भावाकडून बांधून घेतले. भोवती गाईमेंढ्यांची कुरणे, आणि मधे तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, छत्र्या, छज्जे! हिंदुस्थानभर फिरून चित्रे काढणारे टॉमस डॅनियल सल्ल्याला होते. पण आत पाऊल टाकले, की सगळे विलायती. घुमट म्हणजे अंगावर घेतलेली शाल होती. तो भाग चुनखडीच्या दगडाचा. खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मऊ असतो, हवेने मग घट्ट होतो. त्यावर नक्षी काढणे फारसे अवघड नाही.

मँट यांच्यासमोर होता तो आपला काळा फत्तर.

इथे थोडे थांबायला हवे, कारण नव्या राजवाड्याचे खरे नवल मला या दगडात दिसते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर गोठून हा दगड झाला. सह्याद्री त्याचाच. एक घनफूट तुकडा ऐंशी किलोच्या आसपास भरतो. खाणीत सुरुंग लावा, पहार लावा, तो सुटेल, पण आपल्याला हवा तसा फुटेल याची खात्री नाही. वडारांना त्याची नस कळते. दगडावर हातोडा मारून, आवाज ऐकून, हा चिरा सलग आहे की पोटात भेग आहे हे सांगणारी माणसे मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिली आहेत. मग पाथरवट टाकी घेऊन बसणार. टाकीला धार लावायला लोहार शेजारी हवाच, कारण या दगडावर ती पाहता पाहता बोथट होते. एका बाजूला बैल चुन्याची घाणी फिरवणार. चुना जितका मळेल तितका चांगला. घडीव चिऱ्यांचे सांधे इतके बारीक, की त्यात पोस्टकार्डही शिरू नये.

ही विद्या कोल्हापूरच्या मुलखात नवी नव्हती. अंबाबाईचे देऊळ याच दगडाचे. आमच्या बाजूला यायचे तर खिद्रापूरचा कोपेश्वर आहे, शिलाहारांच्या काळातला. त्याचा स्वर्गमंडप पाहिलेल्या माणसाला दगडाला वळण देता येत नाही असे कोणी सांगू नये. सांगलीचे गणपतीमंदिर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारले. म्हणजे मँट आले तेव्हा कारागिरांचे हात गरमच होते. आजोबांनी देवळे घडवली, नातवांनी घाट आणि वाडे घडवले. मँट यांचे मोठेपण हे, की त्यांनी या हातांना त्यांच्या ओळखीचे काम दिले.

नव्या राजवाड्याचे बांधकाम १८७७ मध्ये सुरू झाले. घासून गुळगुळीत केलेला काळा दगड, अष्टकोनी मांडणी, कोपऱ्याकोपऱ्यांवर बुरुजवजा छोटे मनोरे आणि मधोमध घड्याळाचा उंच मनोरा. घाट कुठून आला? थोडा गुजराथेतल्या जैन देवळांतून, थोडा भरतपूर संस्थानातल्या डीगच्या महालांवरून, थोडा आपल्या वाड्यांवरून. आत मात्र जेवणाचे दालन, बैठकीचे दालन, पाहुण्यांच्या खोल्या अशी मांडणी विलायतेतल्या खेड्यांत जमीनदारांची दगडी घरे असतात त्या धर्तीवर. हे मिश्रण काहींना रुचत नाही. एका वास्तुतज्ज्ञ मित्राने तर त्याला शेरवानीवर हॅट म्हटले होते. मला ते पटत नाही. दरबार हॉलमध्ये उभे राहून पाहा. दोन मजल्यांइतकी उंची, भिंतींत पाकळ्यापाकळ्यांच्या कमानी, त्यांत शिवचरित्रातले प्रसंग रंगवलेल्या काचा, आणि वरचा ओतीव लोखंडाचा सज्जा पेलून धरणारे कोरीव दगडी ब्रॅकेट. ते देवळातले आहेत. डीगच्या आणि गुजराथच्या कारागिरांना त्यामानाने मऊ दगड मिळाला होता. तीच लय काळ्या फत्तरात उतरवायची तर पाथरवटाला दुप्पट-चौपट वेळ द्यावा लागला असणार. खर्च त्या काळचे सुमारे सात लाख रुपये झाला म्हणतात. राजवाड्याच्या मानाने हा आकडा माफकच. मजुरीचा त्यातला वाटा किती लहान असेल हा विचार मनात येतोच.

कोल्हापूरचे काम चालू असतानाच मँट यांचे नाव देशभर गेले. अजमेरला राजपुत्रांसाठी मेयो कॉलेज निघाले होते. त्याच्या मुख्य इमारतीसाठी आधी दुसऱ्यांचे आराखडे झाले, खल झाला, आणि अखेर हिंदुस्थानी घाटाचा मँट यांचा आराखडा पसंत पडला. १८७८ मध्ये पाया घातला गेला. पाठोपाठ बडोद्याच्या तरुण सयाजीराव महाराजांचा लक्ष्मीविलास. हा तर कोल्हापूरच्या कितीतरी पट. तिकडे बिहारात दरभंग्याच्या महाराजांसाठी आणखी एक महाल. हे सगळे तीन-चार वर्षांत, एकाच माणसाच्या टेबलावर!

आजचा वास्तुविशारद चार शहरांतली कामे करतो त्याचे आपल्याला काही वाटत नाही. फोटो येतो, नकाशा संगणकावर दुरुस्त होतो, विमानाने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. मँट यांच्या काळात कोल्हापूरला आगगाडीच नव्हती. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रूळ पोचले ते १८९१ मध्ये. तोवर पुणे गाठले की पुढे दीडशे मैल सडकेने, खंबाटकीचा घाट, सातारा, कऱ्हाड असे धक्के खात यायचे. तिकडे बडोदे, त्याच्यावर अजमेर, आणि पार पूर्वेला दरभंगा. प्रत्येक ठिकाणचा दगड वेगळा, माती वेगळी, कारागीर वेगळे, मालक वेगळा. मालक राजा असला की त्याच्या सूचनाही वेगळ्याच. जागेवर एक प्रश्न उभा राहिला की पत्र जाणार, उत्तर येणार. तोवर भिंत चार फूट चढलेली असणार. दूरच्या साइटवर काय चालले असेल या विचाराने रात्री दोन वाजता जाग येणे म्हणजे काय, हे बांधकामातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मला एका पुलाने हा अनुभव दिला होता. मँट यांच्याकडे चार राजवाडे होते.

त्यातच विलायतेहून येणाऱ्या बातम्या. स्कॉटलंडमध्ये टे नदीवर दोन मैलांच्या आसपास लांबीचा लोखंडी रेल्वेपूल नुकताच झाला होता. त्याचे इंजिनियर टॉमस बाउच यांना या कामाबद्दल राणीने ‘सर’ केले. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात, गाडी वर असताना, पुलाचा मधला भाग नदीत गेला. गाडीतले कोणीही वाचले नाही, पाऊणशेच्या घरात माणसे गेली. चौकशी झाली, बाउच दोषी ठरले, आणि १८८० च्या ऑक्टोबरात खचून वारले. या सगळ्या बातम्या इथे पोचत होत्या. हिंदुस्थानात काम करणाऱ्या एकाही ब्रिटिश इंजिनियराने त्या वाचल्या नसतील असे होणे नाही. वाचून पोटात गोळा न आलेला इंजिनियर तर विरळाच.

दगडी घरे पडत नाहीत असेही नव्हते. विल्टशायरमध्ये फॉन्टहिल ॲबे नावाचे एक अचाट घर विल्यम बेकफर्ड या धनाढ्य माणसाने बांधवले होते. त्याला गावाबाहेर माळावर पावणेतीनशे फुटांच्या आसपास उंच मनोरा हवा होता आणि तोही ताबडतोब. रात्री मशालींच्या उजेडात काम चाले. शेवटी घर विकून तो मोकळा झाला, आणि १८२५ च्या डिसेंबरात मनोरा खाली आला. म्हणतात, की मनोऱ्याखाली ठरलेला पायाच भरलेला नव्हता, आणि हे मुकादमाने मरतेवेळी कबूल केले.

आता मी माझ्या सरांच्या फळ्याकडे वळतो. समजा, शंभर फूट उंचीची, सरळ उभी, सगळी काळ्या फत्तराची भिंत आहे. तिच्या तळाशी एका चौरस सेंटिमीटरवर किती भार येईल? नऊ किलोच्या आत. आणि चांगला फत्तर चिरडायला किती लागतो? हजार किलोहून जास्त. म्हणजे दगडी इमारत स्वतःच्या वजनाखाली दबून मरत नाही. ती मरते ती दोन कारणांनी. एक, कमानी बाहेर रेटा देतात आणि त्या रेट्याला समोर कोणी उभे नसते. दोन, पायाखालची माती दगा देते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्याखाली मुरुमापर्यंत नेला नाही, तर भिंतीत तिरकी चीर आलीच म्हणून समजा. दोन्ही दुखण्यांचे एक लक्षण आहे. ती आधी दिसतात. कमान पसरू लागली की माथ्याशी फट पडते, पाया खचू लागला की भिंत सांगते. फॉन्टहिलचा मनोराही आधी कुरकुरला होता.

नव्या राजवाड्याची मांडणी पाहा. मनोरा मध्यभागी, त्याच्या दोन्ही अंगांना रुंद, जाड भिंतींचे पसरलेले हात. कमानीमागे कमान, तिच्या शेवटी बुरुजासारखा भक्कम कोपरा. एकीचा रेटा दुसरी घेते आणि शेवटचा रेटा तो कोपरा खातो. यात आकडेमोडीपेक्षा घडण मोठी आहे. ज्याला भीती वाटते आहे असा माणूस असेच आखतो. भरपूर, गरजेपेक्षा जास्त, आणि सुरक्षित. मला या वाड्यात बेफिकीर हात कुठे दिसत नाही. फार सावध हात मात्र दिसतो.

मेजर मँट १८८१ मध्ये वारले. चाळिशी नुकती ओलांडली होती. शेवटच्या दिवसांत त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते आणि आपल्या इमारती पडतील या भयाने त्यांना ग्रासले होते, असे बहुतेक लेखक सांगतात. आत्महत्येला मात्र ठाम पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. ते कथेचे शिखर आहे, आणि कथेला शिखर लागते. अतिश्रमाने मोडलेला, घरापासून पाच हजार मैलांवर चार राजांची ओझी वाहणारा माणूस एवढे म्हटले, तर गाइडची गोष्ट रंगत नाही. चिंतेने ग्रासलेल्या मनाला चूक सापडावी लागत नाही, ती असल्याची खात्री पुरते. आज घरात असा कोणी असला तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो. त्या काळी एकच शब्द होता, वेड.

आणि त्या वाड्याच्या भाग्यात तो शब्द दोनदा लिहिलेला होता. राजाराम महाराजांच्या मागे १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वाडा सुरू झाला तेव्हा चौदा वर्षांचे होते. याच वर्षांत सरकारने त्यांना वेडे ठरवले. त्यांचा छळ होतो आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर पोचली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण बर्वे यांच्यावर झोड उठवली. ज्या पत्रांच्या आधाराने लिहिले ती बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवले होते. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय वीस. राजाराम महाराजही वीसच वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, राजवाडा पूर्ण झाला. बांधणारा तीन वर्षांपूर्वी गेलेला, आणि ज्या तरुण छत्रपतींच्या कारकिर्दीत तो उभा राहिला तेही गेलेले.

त्याच साली, मार्चमध्ये, कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा दत्तक आला. तेच राजर्षी शाहू महाराज. पुढची जवळजवळ चार दशके कोल्हापुरात जे घडले, ते इथे सांगायची गरज नाही.

बडोद्याचे अर्धे राहिलेले काम मद्रासचे रॉबर्ट चिशोम यांनी हाती घेतले आणि १८९० मध्ये पुरे केले. मँट यांच्या पायावर, मँट यांच्या भिंतींवर. मँट यांचे हिशेब खरोखर घोटाळ्याचे असते, तर चिशोमसारख्या मुरब्बी माणसाने पुढची दहा वर्षे त्यावर मजले चढवले असते काय? मला तरी हा पुरावा कोणत्याही वावडीपेक्षा वजनदार वाटतो.

दुसरा पुरावा मी स्वतः अंगावर घेतला आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाट. विश्रामबागेच्या वसतिगृहात आम्ही गाढ झोपेत होतो. कॉट हलली, फळीवरचा डबा पडला, आणि कोणीतरी ओरडल्यावर सगळे थंडीत अंगणात पळालो. केंद्र होते सातारा जिल्ह्यात कोयनानगरला, तीव्रता साडेसहाच्या आसपास. पावणेदोनशेच्या घरात माणसे दगावली. त्यानंतर कित्येक रात्री सांगली-मिरजेची माणसे अंगणात अंथरुणे टाकून झोपत होती. कोल्हापूर कोयनेपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. राजवाडा उभा राहिला. बडोद्याचा वाडा २००१ च्या भुजच्या भूकंपातून गेला. तोही उभा आहे.

नव्या राजवाड्याच्या तळमजल्यावर १९७४ पासून छत्रपती शहाजी म्युझियम आहे. वरच्या मजल्यांवर छत्रपतींच्या घराण्याचे वास्तव्य आहे. रविवारी गर्दी असते. मुलांना पेंढा भरलेले वाघ बघायचे असतात आणि मोठ्यांना शस्त्रे. जरूर बघा. वाघ बघून झाले की दरबार हॉलमध्ये डाव्या-उजव्या सज्जाखालचे कोरीव दगड एकेक करून पाहा. मुलांना उंच धरून दाखवायचे तर सकाळी लवकर जावे. उन्हे काचांतून तिरपी आली की दगडावर लाल-निळे ठिपके पडतात आणि टाकीचा एकेक घाव मोजता येतो.